दाराबाहेरची खुर्ची

कुवेतवर शेजारच्या देशाच्या सैन्याने ताबा मिळवला, त्यानंतरच्या हिवाळ्यात मस्कतमधील एका भारतीय शाळेत मी संस्कृत शिकवीत होतो आणि माझी पत्नी इतिहास. तिच्या दहावीच्या वर्गात एक नवी मुलगी आली होती. कुटुंब मूळचे रत्नागिरीकडचे, पण मुलीचा जन्म कुवेतचा. राहते घर तसेच सोडून ही माणसे वाळवंटातून अम्मान गाठून मायदेशी परतली होती. पुढे वडिलांना मस्कतजवळच्या बरक्यातील एका गॅरेजात काम मिळाले, म्हणून ती ओमानला आली. मुलगी वर्गात तोंड उघडत नसे.

शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, आमच्या घरी नामस्मरण होत असे. एकदा प्रसाद झाल्यावर तिचे वडील पत्नीजवळ आले. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या घडामोडींचा धडा आता येणार, हे त्यांनी पुस्तकात पाहिले होते. “बाई, त्या तासाला तिला वाचनालयात बसवा. सैन्य म्हटलं की तिचे हातपाय गार पडतात,” असे ते म्हणाले. मलाही ते योग्य वाटले. पत्नीने एवढेच उत्तर दिले की, मी आधी तिलाच विचारते.

पत्नीची शिकवण्याची एक रीत होती. मुलांनाच ती राष्ट्रे करी. आक्रमक जर्मनीचा राग शांत करण्यासाठी चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश तिला देऊन टाकायचा, हा निर्णय म्युनिकला चार राष्ट्रांनी घेतला. ज्याची भूमी जाणार होती, त्याला त्या बैठकीत स्थान नव्हते. म्हणून वर्गात चार खुर्च्या आणि पाचवी दाराबाहेर. तिने मुलीला सारे समजावून सांगितले आणि वाचनालयाचा मार्गही मोकळा ठेवला. मुलीने बाहेरची खुर्ची मागितली.

तो तास मला मोकळा होता. व्हरांड्यातून जाताना मी तिला बसलेली पाहिले. आत चार मुले नकाशावर वाकून मोठ्या उत्साहाने वाटाघाटी करीत होती. मी हळूच तिला म्हणालो की, बाळ, नको वाटत असेल तर माझ्या खोलीत येऊन बस. ती म्हणाली, “नको सर. मला आत बोलावतील ना.”

बोलावले. ब्रिटन झालेल्या मुलाने ऐटीत नकाशा पुढे केला आणि एवढा भाग गेला, येथे सही कर, असे बजावले. नेमून दिल्याप्रमाणे तिने खाली मान घालून परत जायचे होते. ती तेथेच उभी राहिली.

“तुमचं त्यात काय गेलं?” तिने इंग्रजीत विचारले.

मुलगा हसला. आम्ही शांतता मिळवली, म्हणाला.

“कुणासाठी?”

त्याने पत्नीकडे पाहिले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “दे आता उत्तर, साहेब!” पण हसणे फार वेळ टिकले नाही.

साम, दान, भेद, दंड हे चार उपाय मी जन्मभर शिकवले. वस्तूवरचे आपले मालकीचे स्वत्व सोडून ते दुसऱ्याच्या ठायी निर्माण करणे म्हणजे दान, असे शास्त्र सांगते. जे आपले नाही त्याचे दान होत नाही. त्या मुलीने हे कोठे वाचले नव्हते. मी दाराशीच उभा राहून ऐकत होतो. मला तिचा अभिमान वाटला, आणि तिला दया न दाखवता जागा देणाऱ्या माझ्या सहधर्मचारिणीचाही.

शाळा सुटल्यावर वडील पिकअप घेऊन आले होते. पत्नीने घडले ते सांगताच ते गोंधळले, मग म्हणाले, “बाई, आता घरात माझं काही खरं नाही.” नंतर मुलीकडे वळून त्यांनी विचारले की, तू ज्या देशाच्या वतीने बोललीस, त्याचे पुढे काय झाले?

“उरलेलासुद्धा गेला, बाबा. काही महिन्यांतच.”

ती पिकअपमध्ये चढून बसली आणि काच खाली करून म्हणाली, “पण युद्ध संपल्यावर परत मिळाला. वेळ लागला.”

किल्ली हातात घेऊन वडील पत्नीकडे वळले. त्यांनी तिला विचारले, “पुढचा धडा युद्धाचाच ना? शिकवा, बाई. तिला वर्गात बसू दे.”