चक्कीवर गेलेला दुबईचा खेळ

एक होतं तळवली गाव. त्या गावात एका घरात चार माणसं राहायची: माझी सासू, माझा नवरा, माझे धाकटे दीर आणि मी. तिघं साधीसुधी. शहाणी मी एकटीच, म्हणून तर हे झालं! आता काय सांगू तुम्हाला, अजून चक्कीची घरघर कानावर आली की मी हातातलं काम टाकून उठते.

पंचाऐंशी-शहाऐंशी साल असेल. शेती गेलेली, तिथं कारखाने उभे राहिलेले. भावोजी दुबईहून परत आले ते नोकरी गमावूनच. लोक तिकडून सोनं आणतात, अत्तर आणतात. यांनी काय आणलं? व्हिडिओ गेम!

टीव्हीला वायर जोडायची, मशीनमध्ये एक काळी डबी खुपसायची, की टीव्हीत माणसं उड्या मारायला लागतात. डबी केवढी? साबणाच्या वडीहून जराशी मोठी.

भावोजी म्हणाले, "वयनी, मशीनसोबत एक खेल फुकट मिलतो. पन हा मी येगला घेतला. काचेच्या कपाटात, कुलपात ठेवलेला. याच्याहून म्हाग खेल त्या दुकानात दुसरा नव्हता."

"केवढ्याचा?"

त्यांनी आकडा सांगितला आणि मी मटकन खाली बसले. अहो, आमचा टीव्ही त्याहून स्वस्त होता!

"सोनं हाय का आत?"

"सोनं नाय, माजं नशीब हाय. परवा वाशीचा शेठ येनार. त्याचा गाळा रिकामा हाय. खेल बघून खूश झाला तर दोघं मिलून गेमचं दुकान टाकू. नाय झाला, तर मी हायच कलंबोलीला, ट्रकांत लोखंड चढवायला."

हसत बोलले, पण आवाज हसत नव्हता. लग्नाचं वय उलटून चाललेलं. सगळी आशा त्या डबीत.

तो दिवस उजाडला. भावोजी सकाळीच शेठना आणायला गेले. इकडे बघते तर काळी डबी टीव्हीवर उघडी पडलेली! दोन दिवस अख्खं गाव घरात येत होतं, जो तो डबी हातात घेऊन बघणार. एखाद्यानं खिशात घातली तर?

आमच्याकडं मोलाची वस्तू ठेवायची जागा एकच, तांदळाचा डबा. चोर आधी कपाटाला हात घालतो, तांदळात कोण घालणार? कोपरापर्यंत हात खुपसला, डबी तळाला पुरली आणि निश्चिंत मनानं खाडीवर मासळी आणायला गेले. पाहुणा येणार ना!

तासाभरानं परत आले. अंगणात तांदळाचा डबा पालथा पडलेला. धुऊन.

"आय! तांदूल कुटं?" मी सासूला विचारलं.

"चक्कीवर. तुज्या नवऱ्यानं सायकलीवर नेलेत. पावन्याला भाकऱ्या नको?"

मासळी तिथंच टाकली. पायात चप्पल नाही, डोक्यावर पदर नाही, धावत सुटले! मनात एकच. आता दगड फिरला असेल, आता डबीचा भुगा झाला असेल, आता भावोजी लोखंड उचलतायत आणि मी त्यांना त्यांच्या नशिबाची भाकरी वाढतेय.

चक्कीवर पोचले तर आमचेच तांदूळ वर ओतलेले, खाली पीठ पडतंय, आणि आमचे हे बाजूला गप्पा हाणतायत.

"बंद कर! बंद कर!"

चक्कीवाल्या काशीनाथनं झेप घेऊन बटण दाबलं. चक्कीवर बाई ओरडली म्हणजे एकच अर्थ, पट्ट्यात पदर अडकला! दहा माणसं धावली. हे पांढरेफटक पडून माझा पदर ओढायला लागले.

"अगो, अडकलाय कुटं?"

मी स्टुलावर चढले आणि तांदळात खांद्यापर्यंत हात घातला.

"काय हरवलं गो?" काशीनाथनं विचारलं.

"मंगलसूत्र!"

"मग गल्यात लोंबतंय ते काय हाय?"

लोक हसतायत आणि माझा जीव बोटांच्या टोकाशी. आणि लागली हो! दगडाच्या चार बोटं वर, अख्खी. पदराखाली दडवली आणि घराकडे पळाले. नवरा सायकल घेऊन मागून हाका मारतोय.

अंगणात शेठची स्कूटर! आत शेठ टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले. मी दारात, डोक्यापासून पायापर्यंत पीठ. आत्ता केसांनी पांढरी दिसते ना, तशी तेव्हा तिशीत दिसले.

डबी द्यायची कशी? मी डोळ्यांनी खुणावतेय, भावोजी बघायला तयार नाहीत. त्यांनी बटणाला बोट लावलं. मी डोळे मिटले. संपलं!

टुईं टुईं टुईं!

डोळे उघडते तर टीव्हीत माणूस उड्या मारतोय आणि शेठ हँडल धरून त्याच्याबरोबर बसल्या जागी उडतायत. आणि डबी? डबी माझ्या हातात!

"भावोजी," माझ्या तोंडून निघूनच गेलं, "खेल हितं हाय, मग टीव्हीत काय हाय?"

भावोजींनी वळून पाहिलं. "वयनी, हातातला तो फुकटवाला. म्हागवाला मी कालच मशीनमधी लावून ठेवलाय."

घ्या! दोन्ही डब्या काळ्या, वर इंग्रजी अक्षरं. मला मराठी वाचता येईना, तिथं इंग्रजीचं काय?

मागून धापा टाकत आलेला नवरा म्हणाला, "म्हनजे चक्की तू याच्यासाठी थांबवलीस?"

मग सगळं बाहेर आलं. शेठ हसता हसता आडवे झाले. डोळे पुसत म्हणाले, "फुकट की चीज़ के लिए चक्की रुकवा दी? भाभीजी, दुकान की चाबी आपके पास रहेगी!"

चावी मिळाली. ठेवली कुठं? तांदळात? छे! एवढी अक्कल आली होती. तुरीच्या डाळीत ठेवली. डाळ कुठं चक्कीवर जाते?

दुकान उघडायच्या दिवशी आयनं, डोळ्यांनी अधू बिचारी, नैवेद्याला वरण शिजत घातलं. चावीसकट!

वाशीतलं आमचं दुकान हळदीनं पिवळ्या झालेल्या चावीनं उघडलं. पहिल्या दिवसापासून पोरांची रांग. वर्षाच्या आत भावोजींचं लग्न झालं, घरावर पक्का स्लॅब चढला. शेठ सगळ्यांना सांगायचे, पिवळ्या चावीची बरकत!

आय मात्र जाईपर्यंत कुठलंही धान्य चुलीवर चढवायच्या आधी मला हाक मारायची, "सूनबाय, काय ठेवलं असशील तर काढून घे गो!"