पिकाच्या सणातली दाढ

शांतवन मास्तर प्रार्थनेला गुडघे टेकायचे तेव्हा त्यांच्या खिशातले, नदीतून हौसेनं वेचलेले दगड वाजायचे. आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली आणि खाली शेणानं सारवलेली जमीन. सगळे डोळे मिटून गप झाले की तो खुळखुळाट शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायचा. म्हातारी मार्थाआजी एकदा भर उपासनेत म्हणाली, "मास्तर, प्रभूला भेटायला आलाव का दगड मारायला?" मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "आजी, हे बी त्येचेच हायत. घरी एकटे कसे ठेवू?"

मी दुसरीपर्यंत शिकलो. शास्त्र बोट ठेवून वाचतो. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं आहे, आणि आमच्या मंडळीचा पंच म्हणून माझा शब्द वस्तीत चालायचा. हे यासाठी सांगतो की पुढे जे लिहिणार आहे ते कोण्या ऐऱ्यागैऱ्याचं नाही.

आमची वस्ती मांजरेच्या काठावर, देवणीच्या अलीकडे. मास्तर इथलेच. त्यांचे वडील या खोलीत शास्त्र वाचायचे. तेव्हा पत्रा नव्हता, वर पाचट होतं. मास्तर शिकले, बाहेर नोकऱ्या केल्या, बायको वारली तसे परत आले आणि देवणीच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. पाळकसाहेब उदगीरहून महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार मास्तरांचे. पगार नाही, मानधन नाही. पण शनिवारी संध्याकाळी ते दाढी करून, सदरा धुऊन वाळत घालायचे आणि सदरा वाळेपर्यंत बनियनवर ओट्यावर बसून उद्याचा पाठ पुटपुटायचे. मूलबाळ नव्हतं. त्या माणसाला जगात काय हवं असं कोणी विचारलं असतं तर वस्तीतलं शेंबडं पोर सुद्धा सांगू शकलं असतं की त्याला फक्त तो रविवार हवा.

त्यांची शिकवायची पद्धत वेगळी होती. एक वचन वाचायचे आणि थांबायचे. मग म्हणायचे, "कळलं म्हनू नका. कळलं म्हनलं की दार बंद." मला त्याचा राग यायचा. देवाचं वचन कळू नये तर काय करावं? मी तसं तोंडावर म्हणालो होतो. ते हसले. "अप्पा, तुमची बायको तुम्हाला कळली का?" सगळी मंडळी हसली. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा हलग्या वाजल्या, पेढे वाटले. उस्मानाबादचे खेटे संपले म्हणून आम्हीही वाजवल्या. मग एक-दोन वर्षांत पाऊस फिरला. मार्थाआजी म्हणायची, नवा जिल्हा केला पण ढगाला कळवायचं राहून गेलं वाटतं. मांजरेचं पात्र पांढरं पडलं. माणसं पात्रात झिरे खांदून वाटीवाटीनं पाणी भरायची.

माझ्या दावणीला तेव्हा देवणीचा वळू होता. शेवेरा म्हणतात त्या वाणाचा. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, चालला तर रस्ता बाजूला व्हायचा. त्याच्यासाठी मी पात्रात माझा वेगळा झिरा खांदत होतो. वाळू संपली, खाली चिकट माती लागली, आणि कुदळ कशावर तरी टणकली. उकरून काढली तर दाढ. जनावराची, पण असलं जनावर मी जन्मात पाहिलं नव्हतं. दोन्ही हातांनी उचलावी लागली. दगडासारखी जड, आणि वर टाकी लावलेल्या जात्यासारख्या रेघा.

वस्ती जमली. कोणी राक्षस म्हणाला. मी शास्त्र वाचलेला माणूस. मी सांगितलं, हे नोहाच्या जलप्रलयात बुडालेलं जनावर आहे. तारवात जागा नाही मिळाली, राहिलं इथंच. सगळ्यांना पटलं. मास्तर शाळेतून आले, सायकल पात्रातच आडवी टाकली आणि दाढेसमोर असे बसले जसं कोणी आजारी माणसाजवळ बसतं. तिच्या रेघांवरून बोट फिरवून म्हणाले की हत्तीच्या जातीचं काहीतरी असावं, लई जुनं. किती जुनं, मी विचारलं. ते म्हणाले, आपल्या मोजण्याच्या पलीकडचं.

नेमकं त्याच दिवसांत आमचा दुसरा पंच याकोब उदगीरच्या बाजारातून पेटून आला. मास्तर शाळेत शिकवतात की माणूस आणि माकड एकाच खानदानातले, हे त्याच्या कानावर आलं होतं. देवानं सहा दिवसांत जग केलं, ते हा माणूस सोमवारी पुसतो आणि रविवारी आपल्याला वाचून दाखवतो, असं त्याचं म्हणणं. फिर्याद पाळकसाहेबांकडे गेली. निकाल पिकाच्या सणाला करायचं ठरलं, कारण त्या दिवशी साहेब येणार होते. याकोबची बाजू मी घेतली. सहा दिवसांच्या मुद्द्यावर आजही घेईन. जे लिहिलं आहे ते लिहिलं आहे.

पण मी पाठीमागून वार करणारा नाही. म्हणून मास्तरांना सांगायला गोठ्यातून निघणार, तेवढ्यात तेच गोठ्यात आले. त्यांना कळलं होतं. चेहरा उतरलेला. त्यांनी वळूच्या वशिंडावर हात फिरवला आणि विचारलं, याचा बाप कुठला. मी सांगितलं. त्याचा बाप? तेही सांगितलं. आमच्या आजोबांनी गावरान गाईंमधून एक एक निवडून हा वंश बांधला, कमजोर गोऱ्हे ठेचून खच्ची केले, चांगले राखले, हे सगळं मी छाती फुगवून सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले,

"मंग अप्पा, हा बैल देवानं सहाव्या दिवशी केला का तुमच्या आज्यानं?"

मी काही हार मानणारा नाही. म्हणालो, "देवानं केला. आमच्या आज्याच्या हातानं."

"बास. मी शाळेत येवढंच सांगतो. त्येचा हात किती लांब हाय, येवढंच."

"माकडाचं काय?"

"ते तुम्ही नका मानू. पर मला रविवार राहू द्या."

मी वळूचं दावं उगाच सोडून पुन्हा बांधलं. ते गेले.

पिकाचा सण आमच्याकडे असा असतो. ज्वारी खळ्यावर आली की ज्याचं जे पहिलं पिकलं ते मेजावर आणून ठेवायचं. कणसं, भोपळे, कोंबडी, कोणी शेळीचं करडू. उपासना झाली की त्याच मेजावरच्या मालाचा लिलाव होतो आणि जे जमेल ते मंडळीचं. एकच दंडक, आपण आणलेल्या वस्तूवर आपण बोली लावायची नाही. त्या वर्षी मेजावर काय होतं? वाळकी चार कणसं आणि मार्थाआजीची लाल मिरची. साहेब त्या मेजाकडे बघत नव्हते.

मी आजवर रिकाम्या हातानं सणाला गेलो नव्हतो. दाढ धुतली, धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि मेजावर मधोमध ठेवली. माझ्या कुदळीला वर्षभरात तेवढंच लागलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला जलप्रलयाचा पुरावा सगळ्यांसमोर ठेवायचा होता.

याकोब लगेच उठला. साहेबांना म्हणाला, निकाल सोपा आहे. मास्तरांनी या दाढेवर आभाराची प्रार्थना करावी आणि ही नोहाच्या प्रलयातली आहे एवढं म्हणावं. म्हणाले तर रविवार त्यांचा. नाही म्हणाले तर आजपासून खाली बसावं. साहेब भला माणूस, त्यांना भांडण नको होतं. त्यांनी मास्तरांकडे बघितलं आणि हळूच मान हलवली, म्हणून टाका एकदाचं, अशी.

मला वाटलं म्हणतील. एक वाक्य तर होतं. त्यांच्या जागी दहातले नऊ म्हणाले असते. मास्तर पुढे आले. सदरा धुतलेला होता. दाढेवर हात ठेवून उभे राहिले.

"साहेब, मला ठाऊक न्हाई ते मी देवासमोर कसं म्हनू? कुणी केलं ते हे पुस्तक मला सांगतं. कसं केलं ते थोडंथोडं ही दाढ सांगती. दोन्ही त्येच्याच घरची. एकीसाठी दुसरीला खोटं पाडा म्हनाल तर ते माझ्यानं व्हायचं न्हाई." मग ते मंडळीकडे वळले. "पर एक सांगतो. येवढ्या दाढंच्या जनावराचं पोट भरायला किती चारा लागत असंल? रोज. म्हंजे हितंच, या मांजरेत, कवातरी तेवढं गवत हुतं, तेवढं पाणी हुतं. जिथं हुतं तिथं पुन्हा हुईल. मी त्येचे आभार मानतो."

आणि गुडघे टेकले. खिशातून काहीच वाजलं नाही. त्या दिवशी खिसे रिकामे करून आले होते.

याकोब म्हणाला, झालं, त्यानं म्हटलं नाही, खाली बसवा. साहेब माझ्याकडे बघायला लागले. दोन पंच, एक मत पडलेलं.

मी उठलो. मी म्हणालो की माकडाचं मला मंजूर नाही आणि मरेपर्यंत मंजूर होणार नाही. पण मी उभी हयात बैलबाजारात घालवली. तिथं दोन तऱ्हेचे लोक असतात. एक बैल खपावा म्हणून त्याचं लंगडं पाऊल चिखलात लपवून उभा करणारा. दुसरा गिऱ्हाईक परत जात असतानाही त्याला हाक मारून सांगणारा की बाबा, याच्या डाव्या खुरात खोट आहे. आज या माणसाचा सगळा माल बाजारात होता आणि त्यानं स्वतःच्या तोंडानं सौदा मोडला. असल्या माणसाच्या हातून मी शास्त्र ऐकीन. याकोबला माकडाकडून ऐकायचं असेल तर त्यानं बाहेर झाडाखाली बसावं.

लोक हसले. याकोबही शेवटी हसला, पण तोंड फिरवून. साहेबांनी सुटकेचा श्वास सोडला आणि लिलाव पुकारला.

कणसं गेली, मिरची गेली. दाढेवर कोणी बोलेना. मला बोलता येत नव्हतं, ती मीच आणलेली. मग मार्थाआजी मागून म्हणाली, "माझ्या झिऱ्यातली एक घागर. दाढ मास्तराला देऊन टाका. शाळेतली लेकरं बघतील तरी, आपल्या नदीत काय काय चरून गेलं." दुष्काळात एक घागर म्हणजे काय, हे ज्यानं भरली त्याला विचारा. याकोबनं दुसरी बोली लावली नाही. ती घागर मागवून साहेबांनी तिथंच सगळ्यांना एक एक घोट वाटली.

मास्तर त्यानंतर वर्षानुवर्षं दर रविवारी उभे राहिले. पाऊस पुढच्या सालीच आला, त्याचं श्रेय मी दाढेला देत नाही. उत्पत्तीचा पहिला अध्याय आला की ते माझ्याकडे बघून सावकाश वाचायचे, 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली', आणि 'हा पहिला दिवस' म्हणायच्या आधी थांबायचे. मीही थांबायचो. आम्ही दोघं काय समजून थांबत होतो ते सारखं नव्हतं. पण थांबायचो एकाच जागी.

शेवटी त्यांना उदगीरच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी एसटीनं गेलो. आवाज बसला होता. मी विचारलं, मास्तर, भीती वाटते का? त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मग मला जवळ बोलावलं.

"अप्पा, वर गेल्यावर पहिलं हेच इचारणार हाय. कसं केलंस, सगळं बैजवार सांग म्हणून."

"आन् त्यानं सहा दिवसच म्हनलं तर?"

ते हसले, खोकला येईपर्यंत हसले. "तर तुमच्या पाया पडीन, अप्पा. तिथं येळ लई हाय. तुम्ही या, मंग दोघं मिळून पुन्हा इचारू."

त्याच आठवड्यात ते गेले. माझं वय आता झालं आहे, आणि माझं मत तेच आहे, सहा म्हणजे सहा. पण मला जायची भीती वाटत नाही. तिकडे एक माणूस आहे जो माझ्या आधी जाऊन प्रश्न विचारून बसला असेल, आणि मी पोचेपर्यंत उत्तर ऐकायचं थांबवून ठेवील.