व्याह्यांची खारट पोपटी

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत आमच्या व्याह्यांनी ज्याचे आभार मानलेले नाहीत असा माणूस सापडणं कठीण. सापडलाच, तर तो नुकता राहायला आलेला असेल, किंवा व्याह्यांना लांबून पाहून घाईघाईने दुसऱ्या आळीत शिरलेला असेल. कारण हा गृहस्थ दोन शब्द बोलून मोकळा होत नाही. मोहोपाड्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांनी हा पूर्ण वेळचा उद्योग केला आहे. एसटीत कुणी जरा सरकून जागा दिली, की दुसऱ्या दिवशी हे अळूची पानं नाहीतर केळफूल पिशवीत घालून त्याच्या दारात हजर. माथेरानला आमच्या विहीणबाईंना घोड्याने सुखरूप वर नेलं, तेव्हा यांनी गूळ काढून आधी घोड्याला हात जोडले. मालक म्हणाला, "काका, लगाम मी धरला होता." हे म्हणाले, "खरं हाय तुमचं. पण वजन यानं उचललं." विहीणबाई उतरताना चालत आल्या.

माझं आणि त्यांचं खरं तर जमूच नये. पाडायला काढलेल्या घरांची सागवानी दारं, खांब, खिडक्या घ्यायच्या आणि फार्महाऊसवाल्यांना विकायच्या, हा माझा धंदा. तो मी तोंडाच्या जोरावर उभा केला. घेताना वस्तूला नावं ठेवायची आणि विकताना तिच्यावरून जीव ओवाळून टाकायचा, एवढंच त्यातलं शास्त्र. एकदा चौकच्या बाजूला एक दार बघायला व्याह्यांना सोबत नेलं. मी चौकटीवर बोट आपटून म्हटलं, "वाळवी आहे. घेऊन पस्तावायचं काम." घरमालक विरघळायला आला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "काय दार हाय! अशी कडी आता बघाया मिळत नाय. तुमी आमाला दाखवलंत, लय उपकार झाले." मालकाची मान एकदम ताठ झाली. ते दार अजून त्याच्याच घरात आहे.

त्यांचा कळस म्हणजे खोपोलीचा टेंपोवाला. व्याह्यांना तिथे स्टँडवर चक्कर आली आणि कुणीतरी त्यांना टेंपोत घालून दवाखान्यात पोचवलं. बरे होताच हे वालाच्या शेंगा घेऊन त्याला शोधत निघाले आणि भलत्याच टेंपोवाल्याच्या घरी गेले. तो बिचारा प्रामाणिक. म्हणाला, "काका, मी नव्हतो तो." हे म्हणाले, "असू द्या. तुमी असता तर नेलं नसतं का?" त्याला नाही कसं म्हणवेल? शेंगा ठेवून घ्याव्या लागल्या. आता तो त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्याला सहकुटुंब येतो आणि पंगतीत वाढायला उभा राहतो. खरा टेंपोवाला अजून सापडलेला नाही.

हे सगळं मी हसून सोडलं. पण गेल्या हिवाळ्यात ते माझ्या दुखण्यावरच आले. माझा जुना भागीदार काही वर्षांपूर्वी माझ्यापासून फुटला आणि त्याने माझ्याच दुकानासमोर दुकान थाटलं. माझी गिऱ्हाइकं नावानिशी हाक मारून नेली. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. व्याही दर वर्षी शेतावर पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी भरायची, मडकं उपडं घालून वरून जाळ करायचा. गेल्या हिवाळ्यातल्या पोपटीला त्यांनी भागीदारालाही बोलावलं.

"इवाय, मला लाकूड पारखाया तुमी शिकवलंत," ते म्हणाले. "तुमाला कुणी?"

"त्याने," मी म्हटलं.

"मग त्याचे आभार ऱ्हायलेत ना माझे!"

मी साफ सांगितलं, तो आला तर मी येणार नाही. संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात कुणाचं वाकडं केलं नाही. तुम्ही आला नाहीत तर मी इथे मान वर करून कशी वावरू?" पोरीच्या घरी माझ्या भांडणाचा चटका नको म्हणून गेलो.

पोपटी भरायला आम्हा दोघांनाच बसवलं. तो माझ्याकडे पाठ करून पाला निवडत बसला. मी शेंगा घातल्या, मीठ-ओवा पसरला, वर पाला दाबला आणि मी पेंढा आणायला गेलो. परत आलो तर भागीदार हात झटकत होता. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जाळ विझला, मडकं फोडलं, पहिली शेंग तोंडात गेली आणि सगळी मंडळी एकदम पाण्याकडे धावली.

"अरे, मीठ घातलं होतं मी!" मी ओरडलो.

"मग तोंड शिवलं होतं का रं तुझं?" तोही ओरडला.

"तुला विचारायला काय झालं होतं?"

"तुझ्याशी बोलायचं नाय, अशी शपथ हाय माझी!"

"मग आता काय करतोयस?"

त्यावर तो भलता टेंपोवाला इतका हसला की त्याला ठसका लागला. मग भांडता भांडता आम्ही पळवलेली गिऱ्हाइकं काढली, समोरचं दुकान काढलं, सगळं काढलं. व्याही मधोमध तांब्या घेऊन उभे. "दोघांनी आठवणीनं मीठ घातलंत," ते म्हणाले. "एवढी काळजी कोण करतं?"

निघताना अंधारून आलं होतं. बांधावर भागीदाराचा गुडघा धरला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो झटकला नाही. दुकानाच्या बाबतीत तो चुकला, हे मी आजही म्हणतो. पण चालताना वाटलं, मी अनवाणी कर्जतला आलो तेव्हा कसा दिसत होतो, हे ठाऊक असलेला आता हा एकच माणूस उरलाय. बांध संपेपर्यंत मी पावलं जरा लहानच टाकली.