एक पेटी बोंबील

आमच्या ऑफिसच्या मायक्रोवेव्हवर एक कागद चिकटवलेला असायचा, ‘इथे मासे गरम करू नयेत’. बावीस वर्षांत कंपनीने तीनदा जागा बदलली, गळ्यातल्या कार्डाच्या पट्टीचा रंग चारदा बदलला, पण तो कागद प्रत्येक नव्या पँट्रीत आमच्या आधी जाऊन बसलेला. मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावची, कोळ्याची पोर. बावीस वर्षं मी थंडगार कालवण भातावर ओतून कोपऱ्यात बसून जेवले. आणि कंपनी जगत कशावर होती? तर मासळीवर. मासळी ठेवायच्या कोल्ड स्टोरेजमध्ये रोज किती पेट्या आल्या, किती गेल्या, कुठल्या खोलीत काय पडलंय, हे सगळं दाखवणारा प्रोग्रॅम आमचा होता. म्हणजे तसा माझाच होता, कारण तो मी लिहिला होता.

तो लिहायचं काम माझ्याकडे कसं आलं, तेही सांगते. वाशीला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कॉम्प्युटरचा क्लास होता. चपला बाहेर काढायच्या, पाय पुसायचे आणि मग आत जायचं. दोघींत एक मशीन. तिथून डिप्लोमा करून मी डेटा एन्ट्रीला लागले. सहा-सात महिन्यांनी साहेब म्हणाले, “तू कोळ्यांची ना? तुला मासळीतलं कळतं. हा प्रोग्रॅम तूच लिही.” आजकालची मुलं एका नोकरीसाठी पाच-पाच इंटरव्ह्यू देतात. माझा इंटरव्ह्यू आडनावावर आटोपला.

काय दिवस होते ते. आम्ही सात जण, एक एसी, आणि तोही माणसांसाठी नाही, सर्व्हरसाठी. उकडायला लागलं की काहीतरी निमित्त काढून सर्व्हरच्या खोलीत जाऊन उभं राहायचं. दसऱ्याला त्या सर्व्हरला झेंडूचा हार घालायचो आणि हार पंख्यात जाऊ नये म्हणून एकाने दिवसभर राखण करायची. कोणाचं काही अडलं की खुर्ची सरकवत सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. आज त्या सातांतले तिघे परदेशात आहेत, एकाने तळोज्याला हॉटेल काढलंय. मी होते तिथेच राहिले. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. माझं काम मला आवडायचं.

तर माझी एक चूक त्याच दिवसांतली. प्रोग्रॅम रोज एका पेटीचं सरासरी वजन काढायचा. आलेली एकूण मासळी भागिले आलेल्या पेट्या, चौथीतलं गणित. पहिले आठ महिने सगळं झकास चाललं. मग जून उजाडला, मासेमारीची बंदी लागली, होड्या किनाऱ्याला लागल्या, आणि आलेल्या पेट्या झाल्या शून्य. शून्याने भागता येत नाही. प्रोग्रॅम जो बंद पडला तो हलेचना. आधी गोठवलेला माल बाहेर न्यायला टेम्पो रांगेत उभे आणि पावती काही निघेना.

जिचा बाप दरवर्षी बंदीत जाळी विणत बसायचा, तिच्या हे लक्षात येऊ नये? मी पुष्कळदा विचार केला यावर. आमच्या घरात मासळी शून्य कधी नसायचीच. बंदीत खाडीतलं काहीबाही असायचं, नाहीतर फळीवरच्या डब्यात जवळा आणि सुके बोंबील असायचेच. शून्य हा आकडा माझ्या डोक्यात आलाच नाही. पण हे साहेबांना सांगायची छाती कुठली? ज्या गोष्टीसाठी मला निवडलं, तिथेच मी माती खाल्ली होती. मग मी घाईघाईत त्या दिवसाच्या आवकेत एक पेटी टाकली. एक पेटी बोंबील, वीस किलो. कुठेच नसलेली. प्रोग्रॅम मुकाट चालू झाला, टेम्पो सुटले, साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

त्यानंतर दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी मी गुपचूप बंदीच्या प्रत्येक दिवसावर एकेक पेटी टाकून ठेवायचे आणि बंदी उठली की एकेक पुसायचे. नीट दुरुस्त करायचं म्हटलं तर ‘का’ ते सांगावं लागलं असतं. पुढेपुढे तर साहेबच म्हणायचे, चालतंय ना, मग हात लावू नकोस. माझी लेक मे महिन्यात व्हायची होती, तर नववा भरलेला असताना मी त्या पेट्या टाकायला ऑफिसला गेले. नवरा म्हणाला, “तू काय कंपनीची लाडकी सून आहेस का?” पेट्यांचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात एचआरने बोलावलं. समोर पाण्याची बाटली ठेवली, तेव्हाच मी ओळखलं. प्रोग्रॅमचं काम नव्या टीमकडे जाणार होतं आणि ‘तुमच्या अनुभवाला साजेसं’ सध्या काही नव्हतं. तीन महिने नॉलेज ट्रान्सफर करायचं, म्हणजे सगळं नव्या मुलीला शिकवायचं आणि घरी जायचं. ऑफिसात त्याला केटी म्हणतात. आमच्या कॉलेजात विषय राहिला की केटी लागायची.

नवी मुलगी उलव्याहून यायची. चोवीस-पंचवीसची, घरची माणसं मूळची साताऱ्याकडची. पहिल्या दिवशी मला ‘मॅम’ म्हणाली, आठवड्याभरात ‘ताई’वर आली. मी तिला रोज दोन तास शिकवायचे. ती वहीत लिहून घ्यायची, शंका विचारायची, आणि डब्यातली अर्धी चपाती माझ्या पुढ्यात सरकवायची. तिचा राग करायला मला आवडलं असतं, पण जमेना.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. पेटीची. सरळ सांगते, मी मनाशी ठरवलं होतं. जून येईल, प्रोग्रॅम बसेल, टेम्पो खोळंबतील आणि फोन मलाच येईल. एकदा फोन आला की त्यांना कळेल, हिच्याशिवाय चालत नाही. मग बोलावतील परत. पंचेचाळिशीला नवी नोकरी शोधायची म्हणजे काय, ते ज्याने शोधलीय त्याला विचारा.

शेवटचा आठवडा उरला होता. मुलगी म्हणाली, “ताई, काही राहिलं तर नाही ना? तुम्ही गेल्यावर मी कोणाला विचारू?” मी म्हटलं, “नाही गं, सगळं झालं.” आणि घरी येताना मला आईची आठवण झाली. आई आहे अजून, दिवाळ्यालाच असते, पण आठवण झाली ती बेलापूरच्या बाजारात बसणाऱ्या आईची.

आमच्यात मासळी विकणारी बाई थकली की आपली बसायची जागा सुनेला देते. नुसती देऊन मोकळी होत नाही. महिनाभर दोघी शेजारी बसतात. आईची पाळी आली त्या दिवशी ती पाटावरून जराशी सरकली, वहिनीला जागा केली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत राहिली, “ही माझी सून हाय. आता हिच्याकडनं घ्यायचं.” गिऱ्हाईक गेलं की वहिनीच्या कानाशी लागायची. ह्या बाईला पापलेटाचं डोकं वेगळं बांधून लागतं, तो म्हातारा मांदेली मांजरासाठी नेतो पण स्वतःसाठी सांगतो. मी तेव्हा क्लासला जायचे, सुट्टीच्या दिवशी मागे बसून ऐकायचे. एक मास्तरीणबाई मासळी न घेताच पुढे गेली, तेव्हा आई म्हणाली, “तिला मी दोन खेपा शिले बोंबील दिलेत. तिला ताजंच दे, हात लावून बघू दे.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मी विचारलं, “कशाला सांगितलंस? वहिनीला कळलं नसतं.”

आई पाटी धूत होती. म्हणाली, “तिला नसतं कललं. पन त्या बाईला ठावं हाय ना. माझी बोलनी ही का म्हनून खाईल?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नव्या मुलीला माझ्या शेजारी बसवलं आणि पेटी दाखवली. सगळं सांगितलं, चूक माझी होती आणि वीस वर्षं लपवली हेही. मला लाज वाटत होती. ती हसेल असं वाटलं होतं. ती स्क्रीनकडे बघत राहिली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही हे नसतं सांगितलं तर जूनमध्ये माझी नोकरी गेली असती. मी प्रोबेशनवर आहे.”

हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. मी फक्त माझ्या फोनचा विचार केला होता.

तिने दोन ओळी लिहिल्या. शून्य असेल तर भागू नकोस, इतकंच. दहा मिनिटंही लागली नाहीत.

शेवटच्या दिवशी केक कापला, कार्ड जमा केलं. जाताना मायक्रोवेव्हवरचा कागद फाडावा असं फार मनात होतं, पण राहून गेलं.

जून लागला त्या सकाळी मी दिवाळ्याला गेले. होड्या शाकारून ठेवलेल्या, जेट्टीवर कोणी नाही. आई ओट्यावर बसली होती. वहिनीला जागा देऊन इतकी वर्षं झाली, तरी अजून बाजाराच्या वेळेला उठते, वेणी घालते आणि ओट्यावर येऊन बसते. मी अंगणात उभी राहून सारखी फोन बघत होते. सांगून टाकलं होतं तरी बघत होते. अकराच्या सुमारास ऑफिसातल्या त्या मुलीचा मेसेज आला, स्क्रीनचा फोटो. आजची आवक, शून्य पेट्या. खाली लिहिलं होतं, ‘ताई, चालू आहे.’

मी तो फोटो मोठा करून बघितला. तिथे मी आजवर शून्य कधी पाहिलंच नव्हतं.

“कोनाचा हाय?” आईने विचारलं.

“हापिसातला.”

“बोलावतात?”

“नाय.”

आईने माझ्याकडे बघितलं आणि ओट्यावर जराशी सरकली.