चौथं बोट

त्या संध्याकाळी शालननं पेटी काढली आणि मी नेहमीसारखा समोरच्या बाजूला भात्यावर बसलो. आम्हा नवराबायकोची वाजवायची रीतच तशी होती. बाकी पेटीवाल्यांचा एक हात भात्यात अडकतो. शालनला दोन्ही हात मोकळे पाहिजेत, म्हणून भाता माझ्याकडं. उजव्या हातानं ती चाल वाजवायची आणि डाव्या हाताची चार बोटं चार पट्ट्यांवर एकदम दाबून धरायची. त्या दिवशी चार बोटं दाबली आणि कुकरची शिट्टी झाली. "आवं, डाळ करपंल," म्हणत ती उठली. मी म्हणालो, "अगं, घरला तरी जाऊन ये." "उद्या जाऊ की. घर कुटं पळून चाललंय?" ... पहाटे तिच्या छातीत कळ आली. सांगलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

हे घरला जाणं काय, ते सांगायला पाहिजे. शालन पाटणकडची. तिचा बाप फौजेच्या बँडमध्ये होता. पेन्शनीवर आल्यावर त्यानं मिरजेतनं पेटी आणली आणि बँडची विद्या लेकीला दिली. तीन-चार सूर एकदम दाबायचे, त्याला कॉर्ड म्हणतात. चार सुरांच्या एका कॉर्डला बापलेक 'सेव्हन' म्हणायचे. मी चौथी शिकलेला, पण चाराला सात म्हणणं मला पटेना. लग्न नवं होतं तेव्हा विचारलं. ती म्हणाली, "'प'पासनं मोजा की. 'म' कितवा येतो?" मी बोटं मोजली. सातवा आला. मग तिनं वाजवून दाखवलं. "सा, ग, प म्हंजे आपलं घर. प, नी, रे म्हंजे पावण्याकडं गेल्यालं माणूस. तितं बी ते निवांत बसतंय, च्या पितंय. त्यात 'म' घातला की त्याला घरची म्हस आठवती. मग त्येला बसवत न्हाई." एवढं बोलून ती चारही सूर धरून ठेवायची आणि माझ्याकडं तिरकं बघायची. "जायाचं का घरला?" मी 'चल' म्हटल्याशिवाय बोट हलवायची नाही. म्हटलं की नी वर 'सा'कडं सरकायचा, म खाली 'ग'वर उतरायचा, आणि माझ्या हातातला भातासुद्धा हलका लागायचा. भांडण होऊन बोलणं बंद असलं तरी तेवढं एक 'चल' म्हणावंच लागायचं.

गावच्या भजनी मंडळाला हे पचलं नाही. मंडळाचा म्होरक्या, त्याला सगळे आप्पा म्हणतात, सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, ते चौथं बोट उचला. खिरीत मिरची पडल्यागत लागतंय." ती म्हणाली, "आवं भावजी, म्होरचं ऐका तरी. तोंडात घेतल्या घेतल्या थुकू नगा." सगळे दात काढून हसले. त्यानंतर तिला पेटीसाठी बोलावणं आलं नाही, सप्त्यात पोळ्या लाटायला आलं. ती गेली, तिचा स्वभाव तसा. मी त्या लोकांचा चहासुद्धा घेतला नाही. ह्यांच्या पोरांच्या वरातीत डीजे लागतो, घराच्या काचा थरथरतात, गोठ्यातली जनावरं दावी तोडतात. तिथं हे फेटे बांधून नाचतात. चार सूर तेवढे ह्यांच्या कानाला टोचायचे.

तेराव्याला हेच मंडळ भजनाला आलं. दारात फ्लेक्स लावला. मधे शालनचा फोटो तळहाताएवढा आणि भोवती शोकाकुल म्हणून ह्यांची ताटाएवढी तोंडं. एकानं तर काळा गॉगल घातलेला. भजन शालनच्याच पेटीवर केलं, एका बोटानं, टुकटुक. मग आप्पानं भाषण ठोकलं. वैनी म्हणजे मंडळाचा प्राण होत्या म्हणे. प्राणाला पोळ्या लाटायला लावत होता व्हय, असं तोंडात आलं होतं. जेवणाऱ्या पावण्यांकडं बघून गिळलं. जाताना तो म्हणाला, "तात्या, पेटी देवळात द्या. वैनीचं नाव घालू तिच्यावर." खरं सांगतो, मी देणार होतो. मला एकट्याला ती काय करायची होती? तेवढ्यात त्यांचा पेटीवाला बोलला, "आदी दुरुस्त कराय पायजे. वैनीनं चार-चार पट्ट्या दाबून सूर इस्कटल्यात. आतनं सगळं घासून सरळ करून घिऊ."

मी पेटीवर हात ठेवला. "न्हाई देत."

"आवं तात्या, तुमाला कुटं वाजवाय येतंय?"

"भाता मारतो."

"नुसत्या भात्यानं काय हुतंय?" आप्पा म्हणाला, आणि सगळे हसले. तेच दात. मरणाच्या घरात, माझंच जेवण जेवून... मी पेटी उचलून आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर पेटी उघडली. माझी बोटं उसाच्या कांड्यासारखी जाड, एक पट्टी दाबायला जावं तर दोन दबतात. चार कुठली जमणार? मग बाहेर गेलो आणि फ्लेक्स उतरवला. कात्रीनं शालनचा फोटो तेवढा नीट कापून देव्हाऱ्याशेजारी ठेवला. उरलेल्या तोंडांचे तुकडे केले आणि घड्या घातल्या. जन्मभर समोरच्या बाजूनं बघितलेल्या पट्ट्या, त्यामुळं उलट्या बाजूनंच ओळखल्या. 'प' दाबून फटीत एक घडी खोचली, ती आप्पाची. 'नी'मध्ये गॉगलवाला. मग 'रे'. मग 'म'. चारही पट्ट्या दबून राहिल्या. मी माझ्या जागेवर बसलो आणि भाता मारला.

निघाले. चारही सूर, तसेच्या तसे. मी भाता मारत राहिलो, वाट बघत. कुणी विचारलं नाही.

शेवटी मीच म्हणालो, "चल."