गोठ्यातली विलायती गाडी

दौंडहून मी वडगाव रासाईला गेलो तो गाडी विकत घ्यायला, असं निदान फोनवर तरी मी सांगितलं होतं. खरं तर बारा सिलिंडरची ती जुनी विलायती गाडी मला एकदा जवळून बघायची होती, एवढंच. स्कूटर देवळामागं लपवली, शर्ट खोचला आणि मोठ्या गिऱ्हाइकाच्या चालीनं निघालो.

गाडी पुतण्याच्या हौसेची. विकायला बसलेले त्याचे चुलते, आबा. सारा जन्म बैलबाजारात गेलेला म्हातारा. गोठ्यात दोन गाईंशेजारी उभ्या गाडीवरची गोधडी त्यांनी ओढली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी बॉनेटवर थाप मारली आणि बाजूला झाले. मग माझं सुरू झालं. काय रंग, काय बांधा, काय त्या सीटा! आबा तंबाखू मळत गाडीकडं नाही, माझ्याकडं बघत होते.

"पाव्हणं, तुमाला घ्यायची न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "घेणारा माणूस आधी नावं ठेवतो. तुमी नुसतं कौतुक लावलंय."

मी घाईघाईनं म्हणालो, "मागं जागा जरा कमीच आहे."

"आता ऱ्हाऊ द्या. च्या घ्या."

चहा झाल्यावर ते मला पोचवायला निघाले, ते थेट देवळामागं. स्कूटरभोवती त्यांनी सावकाश एक फेरी मारली.

"टायर गुळगुळीत झालंय. हँडल वाकडं हाय. शीट तर पार फाटलंय."

मी शरमून मान खाली घातली.

"कितीला देताय?" आबा म्हणाले.