डोंगर का कलला

भूगर्भशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी बाबांच्या टेम्पोतून वज्रेश्वरीला निघाले होते. वाटेत रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीपाशी मी टेम्पो थांबवायला लावला. काळ्या खडकाचे थर पश्चिमेकडे कललेले दिसत होते.

“सह्याद्री वर उचलला गेला आणि ही बाजू समुद्राकडे वाकली,” मी ऐटीत म्हणाले.

“कललेत ते मला ठाव हाय,” बाबा म्हणाले. “पूर्णा गावच्या गोदामातला माल घेऊन कितीदा इथूनच गेलोय. पण का कललेत, ते आजवर कुणी सांगितलं न्हवतं.”

त्यांनी अर्धी भरलेली पाण्याची बाटली थराला समांतर धरली. आतलं पाणी सपाट राहिलं आणि खडकाचा कल स्पष्ट कळला. मी आनंदाने टाळ्या पिटल्या. तेवढ्यात ओळखीचा एक टेम्पोवाला आला. बाबांनी त्याला हात करून थांबवलं.

“देख, पहाड कैसे झुका है! क्यों झुका, मेरी लडकी ने बताया!”